न दिसलेल्या पक्ष्यांची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही आठवड्यांत गोव्यातील पक्ष्यांविषयी आपल्या दैनिकात जे लिखाण प्रसिद्ध झाले, त्यात ‘हा पक्षी आता गोव्यात उरलेला नाही’ असे विधान दोन-तीन वेळा माझ्या वाचनात आले. विधान करणाऱ्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. शंका आहे ती विधानाच्या आधाराविषयी. एखादा पक्षी ‘नाही’ असे म्हणण्यापूर्वी त्याला कोणी, कोठे, कोणत्या ऋतूत आणि दिवसा की रात्री शोधले, हे सांगता आले पाहिजे. गोव्यातील बहुतेक दुर्मीळ पक्ष्यांच्या बाबतीत ते सांगता येईल अशी नोंद आपण ठेवलेलीच नाही, एवढे निदर्शनास आणण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकन बर्ड कॉन्झर्व्हन्सी, री-वाइल्ड आणि बर्डलाइफ इंटरनॅशनल या संस्थांनी २०२१ पासून हरवलेल्या पक्ष्यांच्या शोधाचा जो उपक्रम चालवला आहे, त्यात ‘हरवलेला’ या शब्दाची व्याख्या नेमकी केलेली आहे. ज्या जातीचे छायाचित्र, ध्वनिमुद्रण किंवा जनुकीय पुरावा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ मिळालेला नाही आणि जी पिंजऱ्यातही शिल्लक नाही, ती जात हरवलेली. २०२४ मध्ये या गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा १४४ जाती निघाल्या. या व्याख्येचा मला भावलेला गुण असा की, ती पक्ष्याविषयी जेवढे सांगते तेवढेच शोधणाऱ्यांविषयीही सांगते. पक्षी आहे की नाही याचा निवाडा ती करत नाही. आपल्या हाती पुरावा नाही एवढेच प्रामाणिकपणे कबूल करते.

रानपिंगळ्याचे उदाहरण मराठी वाचकांना तरी परके वाटू नये. १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम या ब्रिटिश पक्षी-अभ्यासकाने या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने जमवले आणि १८८४ नंतर तो नाहीसा झाला. १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठी आपण एक नमुना मिळवल्याचा दावा कर्नल माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षी-संग्राहकाने केला होता. या दाव्यावर विसंबून कित्येकांनी त्या भागात व्यर्थ पायपीट केली. वस्तुतः तो पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून लांबवलेला होता. चामडे उसवून, पुन्हा भरून आणि खोटी चिठ्ठी बांधून तो नवा म्हणून खपवला गेला होता. मूळचा तो डेव्हिडसन यांनीच खानदेशात मिळवलेल्या पक्ष्यांपैकी एक होता. हा बनाव अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील जुने नमुने तपासताना उघडकीस आणला. खोट्या ठिकाणावर काट मारून खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधारे त्या आणि त्यांचे दोन सहकारी शोधास निघाले, तेव्हा २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या विरळ सागवानी जंगलात त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी दिसलेले हे घुबड भर सकाळी, उघड्या फांदीवर बसलेले होते. घुबड म्हटले की रात्री शोधायचे, हा आपला सर्वांचा समज. हा पक्षी मात्र दिवसाही वावरणारा. त्यानंतर तो मेळघाटात सापडला आणि २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाच्या परिसरातील अभयारण्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात, त्याची नोंद झाली. तेथे तो आदल्या वर्षीच राहायला आला असेल असे मला वाटत नाही.

दुसरे उदाहरण आंध्र प्रदेशातील जेर्डनच्या धाविकाचे. १९०० नंतर कोणालाही न दिसलेला हा पक्षी जानेवारी १९८६ मध्ये, म्हणजे डॉ. सालिम अली यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी, कडप्पा जिल्ह्यात मिळाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण त्या भागात चित्र दाखवीत गावोगाव फिरले होते आणि स्थानिक पक्षी पकडणाऱ्याने रात्री बत्तीच्या उजेडात तो पकडून आणला. शास्त्राच्या लेखी शहाऐंशी वर्षे बेपत्ता असलेल्या या पक्ष्याला तेथील लोकांकडे ‘कलिवी कोडी’ असे स्वतंत्र नाव होते. कलिवी म्हणजे आपल्या करवंदीच्या जातीचे झुडूप आणि कोडी म्हणजे कोंबडी. करवंदीच्या जाळीत राहणारी कोंबडी, एवढा पत्ता त्या नावातच लिहिलेला होता. पुढे या निशाचर पक्ष्याचा माग काढण्यासाठी झुडपांमधून बारीक मातीचे पट्टे अंथरून सकाळी त्यांवरील पावलांचे ठसे तपासण्यात आले आणि त्याचा आवाज ओळखू आल्यावर ध्वनिमुद्रण वाजवून प्रतिसाद टिपण्यात आला. एवढे करूनही त्यानंतर पुन्हा वर्षानुवर्षे तो कोणाला खात्रीने दिसला नाही, ही गोष्टही सांगितली पाहिजे.

सगळे शोध असे यशस्वी होतात, असा माझा भाबडा समज नाही. हिमालयातील डोंगरी लावा १८७६ मध्ये नैनितालजवळ मिळाला तो शेवटचा, आणि गुलाबी डोक्याच्या बदकासाठी म्यानमारच्या दलदली तुडवणाऱ्यांना आजवर रिकाम्या हातानेच परतावे लागले आहे. उलट १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात एकदाच मिळालेला मोठ्या चोचीचा बोरू-वटवट्या तब्बल १३९ वर्षांनी, २००६ मध्ये, थायलंडमध्ये अभ्यासासाठी पक्ष्यांच्या पायात कडी घालणाऱ्यांच्या जाळ्यात सापडला. त्यानंतर शोधाशोध केली तेव्हा त्याचा दुसरा जुना नमुना इंग्लंडमधील संग्रहालयाच्या कपाटातच, भलत्या जातीच्या नावाखाली पडून असलेला आढळला. बोर्निओ बेटावर २०२० मध्ये दोन स्थानिक रहिवाशांच्या हाती लागलेला एक अनोळखी पक्षी, त्यांनी छायाचित्र काढून जाणकारांना पाठवल्यामुळे, सुमारे १७० वर्षे हरवलेला काळ्या भुवईचा सातभाई ठरला. पापुआ न्यू गिनीच्या फर्ग्युसन बेटावर १८८२ नंतर नोंद नसलेले मोठे रानकबूतर २०२२ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यात टिपले गेले, तेही महिनाभराची मोहीम संपत आलेली असताना. आणि कॅमेरा कोणत्या डोंगरधारेवर लावायचा हे तेथील शिकाऱ्याने सांगितले होते.

आता गोव्याकडे वळतो. येथील परिस्थिती शेजाऱ्यांहून वेगळी आहे आणि त्याचे कारण इतिहासात आहे. तेरेखोलच्या उत्तरेस, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात, व्हिडाल या अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी १८८० मध्येच प्रसिद्ध केली होती. पोळेच्या दक्षिणेस कारवारात, रानपिंगळ्याचे नमुने जमवणारे तेच डेव्हिडसन पुढे कलेक्टर म्हणून आले आणि उत्तर कानडातील पक्ष्यांवरील त्यांचे लेखन १८९८ मध्ये छापले गेले. मधला गोवा पोर्तुगिजांकडे असल्यामुळे ब्रिटिश अमदानीतील ही परंपरा आपल्या सीमेवर येऊन थांबली. आधुनिक अर्थाने जिला गोव्याच्या पक्ष्यांची यादी म्हणता येईल, ती डॉ. सालिम अली आणि रॉबर्ट ग्रुब यांनी गोवामुक्तीनंतर पंधरा वर्षांनी, १९७६ मध्ये, प्रसिद्ध केली. तोवर खाणींनी डोंगर पोखरायला सुरुवात होऊन बराच काळ लोटला होता. त्यामुळे अमुक पक्षी गोव्यात ‘पूर्वी होता’ किंवा ‘पूर्वीही नव्हता’ असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा बहुधा शेजारच्या घरातील वहीवरून आपल्या घरचा हिशेब मांडत असतो.

आजची नोंदही वाटते तेवढी भरीव नाही. हौशी निरीक्षकांची संख्या वाढली, मोबाइलवरून नोंदी होऊ लागल्या, ही आनंदाची गोष्ट आहे आणि त्या मंडळींचे ऋण मी मानतो. परंतु बहुतेक नोंदी ऑक्टोबर ते मार्च या पर्यटनाच्या हंगामातील, सकाळच्या तीन तासांतील आणि त्याच त्या ठिकाणांच्या असतात: करमळीचे तळे, चोडणचे अभयारण्य, बोंडला, तांबडी सुर्लाचा रस्ता. सत्तरी, सांगे, काणकोणातील सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची खडकाळ पठारे, पावसात कोणी पाहतो काय? आषाढात धुक्याने भरलेल्या सड्यावर रात्री आठ वाजता कोणता पक्षी ओरडतो, हे गुरे राखणाऱ्याला ठाऊक असते. यादीत ते येत नाही, कारण तेव्हा यादी करणारा घरी असतो. (मीही घरीच असतो, गुडघे आता साथ देत नाहीत.)

गिधाडांची गोष्ट तर माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. माझ्या लहानपणी आमच्या गावात गुरू मेले की ते सड्यावर ओढून नेत आणि तासाभरात आभाळात घिरट्या सुरू होत. आता पंचवीसएक वर्षांत मी गावात एकही गिधाड पाहिलेले नाही. कारण पुढे सर्वांना कळले: गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून पोटात गेले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची देशातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व अॅसिक्लोफिनॅक या औषधांवरही. हे सारे नोंदलेले आहे. आमच्या सड्यावर शेवटचे गिधाड कोणत्या वर्षी उतरले, ते मात्र गावातील एकालाही सांगता येत नाही. शेवटचे दर्शन शेवटचे आहे हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणूनच रोजची वही लागते. या संदर्भात जुन्या नोंदी मिळतील काय, अशी विचारणा करणारे पत्र मी एका कार्यालयाला पाठवले होते. पोच मिळाली, उत्तर आले नाही.

‘नाही’ असे घाईने म्हणण्यात धोका कोणता, हे फिलिपाइन्समधील सेबू बेटावरच्या फुलटोच्याने दाखवून दिले आहे. बेटावरचे जंगल जवळजवळ संपले, तेव्हा हा चिमुकला पक्षीही संपला असे सर्वांनी गृहीत धरले. गेलेल्याचे रक्षण कोण करणार? उरलेसुरले रानही त्यामुळे दुर्लक्षित राहिले. १९९२ मध्ये त्या तुकड्यातच तो जिवंत आढळला. ज्युलिएट मेली असे समजून विष पिणाऱ्या रोमिओवरून पक्षिशास्त्रात या चुकीला ‘रोमिओची चूक’ असे नाव पडले आहे. आपल्याकडे सडा म्हणजे पडीक जमीन, असे सरकारी कागदातच नव्हे तर आपल्या बोलण्यातही रूढ झाले आहे. अशा वेळी ‘तेथे आता काही उरलेले नाही’ हे पक्षीप्रेमींच्या तोंडचे वाक्य भूखंड पाडणाऱ्याला केवढे सोयीचे पडेल, याचा विचार व्हावा.

उपाय फार खर्चाचे नाहीत. काय दिसले याच्या जोडीला कोठे, किती वेळ शोधूनही काय दिसले नाही, हे लिहिण्याची शिस्त लागली पाहिजे. पावसाळ्यात आणि रात्री आवाज टिपणारी यंत्रे सड्यांवर, बांबरच्या निरंकाराच्या रायीसारख्या देवराईंत आणि म्हादईच्या खोऱ्यात वन खात्याच्या परवानगीने लावता येतील. सर्वांत निकडीचे काम मात्र माणसांकडे जाण्याचे आहे. धनगर-गवळी, वेळीप, गावकर या समाजांतील ऐंशी पार केलेल्या माणसांकडे पक्ष्यांची जी नावे आहेत, ती त्यांच्या नातवंडांकडे नाहीत. ही नावे गोळा करताना सावधगिरीही हवी. कोकणात धनेशाला सर्रास गरुड म्हणतात; तेव्हा ‘आमच्याकडे गरुड होता’ हे वाक्य पुस्तकातील गरुडाच्या खात्यावर जमा केले, तर फर्ग्युसनच्या शिकाऱ्याचा नव्हे, कर्नल माइनर्ट्झहागेन यांचा कित्ता आपण गिरवू. नावासोबत आवाज, ऋतू, अधिवास आणि पक्ष्याची सवय लिहून घेतली तरच त्याला नोंद म्हणता येईल.

आणि एखादा दुर्मीळ पक्षी खरोखरच सापडला, तर त्याचे ठिकाण जाहीर करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आपल्यालाही आहे. तांबडी सुर्लाच्या बेडूकमुख्याचे जे झाले ते पुरेसे आहे. दिवसभर सुकलेल्या पानासारखा निश्चल बसणाऱ्या त्या गरीब पक्ष्यासमोर एकामागून एक कॅमेरे येतात आणि आदल्या दिवशीची फांदी दुसऱ्या दिवशी दाखवण्याचे पैसे घेतले जातात.

गेल्या चार वर्षांत सत्तरीतील वृद्धांना विचारून मी पक्ष्यांची बासष्ट नावे एका वहीत उतरवली आहेत. त्यांपैकी एकावन्न पक्ष्यांची ओळख पटली. उरलेल्या अकरांपैकी काही एकाच पक्ष्याची दोन नावे असतील, काही माझ्या ऐकण्यातील चुका असतील. ही अकरा नावे त्यांच्या वर्णनासह आपल्या दैनिकात छापण्यास आपण जागा देणार असाल, तर वहीची प्रत मी कार्यालयात आणून देईन. सांगे, काणकोण आणि दोडामार्गाकडील वाचकांनी ती एकदा आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
वाळपई, सत्तरी