मराठी सबटायटल कुठे?

मा. संपादक,

रविवारी घरी टीव्हीवर ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ हा इंग्रजी सिनेमा लावला. १९६८चा, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्याच्या आदल्या वर्षीचा! सुरुवातीची पंचवीसेक मिनिटं कुणी बोलतच नाही, तोवर हिची तक्रार नव्हती. पुढे अंतराळात नुसता श्वासाचा आवाज. नातू रिमोट घेऊन आवाज वाढवायला लागला. अरे, तिथे हवाच नाही, तर आवाज येणार कुठून? तेवढ्यात आमच्या कुकरने शिट्टी दिली. असो. सिनेमातला हॅल संगणक ओठ वाचतो, हिला कुठून येणार ते? सबटायटलच्या यादीत पोर्तुगीज आहे, थाई आहे, मराठी नाही. शेवटी मीच मोठ्याने भाषांतर करत बसलो. घसा बसला. अहो ओटीटीवाले, वर्षाचे पैसे एकरकमी घेता, मग मराठी सबटायटल द्या की!

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक, मिरज