कॅप बसवण्याआधी ‘लाईटच्या सिमेंट’बद्दल विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलीचे वरचे पुढचे चार दात एका खासगी दवाखान्यात कॅपसाठी कापले. मुलगी 17 वर्षांची. कीड नव्हती, दुखणं नव्हतं. होते ते फक्त आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याचे तपकिरी डाग. चारही बाजूंनी कापून दातांच्या खुंट्या उरल्या. कोवळ्या वयात दाताच्या आतली नस मोठी असते. दोन दातांत ठणका लागला आणि रूट कॅनाल करावं लागलं. तिचा फोटो पाहून मला रात्रभर झोप लागली नाही.

माझेही दात तसेच होते. मी केळापूर तालुक्यातली, हातपंपाच्या पाण्यावर वाढलेली. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं आणि लहानपणी तेच पोटात गेलं, की हिरडीच्या आत घडणाऱ्या दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, सच्छिद्र होतं. दात उगवल्यावर त्यात डाग धरतात, ते कुठल्याच मंजनानं जात नाहीत. पाहुणे बघायला आले की मी ओठ मिटून बसायचे. अंगणवाडीत मुलांना गाणी म्हणून दाखवतानाही तोंडावर पदर असायचा.

तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी दात कापले नाहीत, त्यांवर कंपोझिटचे, म्हणजे निळ्या लाईटनं कडक होणाऱ्या दाताच्या रंगाच्या लुकणाचे थर चढवले. आमच्याकडे त्याला लाईटचं सिमेंट म्हणतात. दात ओले असतानाच त्यांनी रंग जुळवला, कारण सुकलेला दात जास्त पांढरा दिसतो. डाग वरवर खरवडून, थर पक्का चिकटावा म्हणून आम्लाची जेल लावली. फ्लोराइडचं एनॅमल आम्लाला लवकर दाद देत नाही, म्हणून ती नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवली. मग डाग झाकणारा थर, त्यावर दाताच्या रंगाचा, कडेला किंचित पारदर्शक. प्रत्येक थरावर वीसेक सेकंद निळा लाईट. इंजेक्शन लागलं नाही. चार दातांना साडेतीन तास गेले. डाव्या दाताचा कोपरा जरा वाकडा होता, माझ्या आईसारखा. बाईंनी मला विचारून तो तसाच ठेवला.

हे काम जन्मभराचं नाही. गेल्या वर्षी ऊस सोलताना एक टवका उडाला. त्याच जागी नवा थर देऊन अर्ध्या तासात दुरुस्त झाला. चहा-हळदीचा रंग त्यावर चढतो, अधूनमधून पॉलिश करावं लागतं. मोडलेल्या किंवा रूट कॅनाल झालेल्या दाताला कॅप लागू शकते, हेही मला मान्य आहे. पण धडधाकट दात एकदा कापला की तो परत येत नाही. डॉक्टरांनी दोन्ही मार्ग समोर ठेवायला हवेत. माझ्या बहिणीला कॅपशिवाय दुसरं काही असतं, हेच कुणी सांगितलं नाही.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड या फ्लोराइडग्रस्त जिल्ह्यांत सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागातच हे काम झालं पाहिजे. आमच्या तालुक्याच्या गावाहून, पांढरकवड्याहून, नागपूर दीडशे किलोमीटर. रोजंदारीवरच्या आईबापांनी मजुरी बुडवून किती फेऱ्या मारायच्या? पुढच्या दातांचं एनॅमल चार-पाच वर्षांच्या आतच घडतं, म्हणजे आमच्या अंगणवाडीच्या वयात. तेव्हा पिण्याचं शुद्ध पाणीही आधी तिथेच पोहोचवा.

त्या मुलीची धाकटी बहीण 14 वर्षांची आहे, तिचेही दात असेच आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला नागपूरला घेऊन जाणार आहे.

– एक अंगणवाडी सेविका, ता. केळापूर, जि. यवतमाळ