येळवसीला तू आली नाहीस

चि. रेणूस,
अनेक आशीर्वाद.

"मरणाऱ्यांपाशी बसायला वेळ आहे, येळवसीला यायला नाही." फोनवरचे हे शब्द माझेच. तुझ्या आईनं ते मला पुन्हा म्हणायला लावले आणि मगच ताट वाढलं. मागे घेतो. पण यायला पाहिजे होतंस. वेळ अमावास्येला शेतातल्या कोपीत आंबिलीचं बिंदगं ठेवलं, भज्जी झाली, 'ओलगे ओलगे' बाळ्याला एकट्यालाच म्हणावं लागलं. आई सारखी रस्त्याकडं बघायची. "काय करूलालंय पोरगं तिथं," एवढंच बोलली.

मला एकच विचारायचंय. रात्री झोप लागते का तुला?

मरणाच्या वाटेवरच्या आजाऱ्यांच्या सेवेला जातेस, पण औषधाला आम्ही हात लावत नाही म्हणालीस. पेपर वाचून दाखवायचा, केस विंचरायचे, आजाऱ्याच्या बायकोला सांगायचं, मी बसते दोन तास, तुम्ही जरा पडा. हे काम चांगलंच आहे, मी नाही कुठं म्हणतो? पण सहा दिवस ऑफिस आणि सातव्या दिवशी हे. माणसानं आपल्या जिवाचाही विचार करावा, अंथरूण पाहून पाय पसरावेत, तब्येत गेली की कुणी विचारत नाही... बघ, लागलो भाषण द्यायला. स्थळाचा विषय काढणार नव्हतो, काढतही नाही.

लातूर-बार्शी गाडीवर नऊ वर्षं काढली मी. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला जाणारं माणूस मुरूडला चढलं तरी लगेच ओळखू यायचं. काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, तोंडावर उपरणं. त्यांना मी मधल्या सीटवर बसवायचो, मागं चाकावर आदळतं म्हणून. तिकीट फाडलं की माझं काम संपलं. येडशीच्या पुढं मी त्यांच्याकडं बघायचोच नाही.

आणि मग तात्यांच्याच गालाला झालं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, सेवा करा. सेवा म्हणजे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. मागच्या खोलीत ते रात्रभर कण्हायचे. मी काय केलं तुला माहीत नाही. डबल ड्युटी मागून घेतली. साहेबांना वाटलं पैशाची नड आहे. डेपोतल्या बाकड्यावर पडून राहायचो, डोळा लागायचा नाही.

तू आठ वर्षांची होतीस. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून त्यांच्या ओठांना लावायचीस. कुणी शिकवलं नव्हतं. परवा तू सहज म्हणालीस, पहिल्याच दिवशी आम्हाला तोंड ओलं ठेवायला शिकवलं, तेव्हा मी फोन आईकडं दिला. रेंज गेली नव्हती.

मॉर्फिनचंही तूच सांगितलंस. दुखायची वाट बघायची नाही, दर चार तासांनी घड्याळ लावून गोळी द्यायची, सोबत पोट साफ व्हायचं औषध. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यानं परवान्यांचा एवढा घोळ झाला की दवाखाने ती ठेवायलाच नको म्हणायचे, 2014 साली तो कायदा बदलला. मुंबईत वांद्र्याला अशा आजाऱ्यांना शेवटपर्यंत सांभाळणारं शांती अवेदना सदन तर 1986 पासूनच आहे. तात्या गेले 2006 ला. कायद्याची गाडी आठ वर्षं लेट, आणि वांद्र्याची गाडी वीस वर्षं आधी सुटलेली, आम्हाला फलाटच माहीत नव्हता.

तुझ्यात ते कुठून आलं, माझ्यातून नक्कीच नाही, असं आईला म्हणालो तर ती हसली.

पण त्यातलं कुणी गेलं की तू खोलीवर एकटीच येतेस ना? मग झोपतेस का? खरं सांग.

आणखी एक. सखूमामीला घरी आणलंय. काल जाऊन बसलो अर्धा तास. काय बोलावं सुचेना, शेवटी तिला मुरूडच्या बाजाराचं विचारलं, तर तीच बोलत राहिली. तिच्या पाठीला जखम झालीय. सून एकटीच आहे. कूस किती वेळानं बदलायची आणि उशी कुठं लावायची ते रविवारी फोनवर नीट सांग, मी लिहून घेतो.

उंडे आणि तिळाची चटणी आजच्या रातराणीनं पाठवतोय. कंडक्टर ओळखीचा आहे, हडपसरला उतरवून देईल. स्टीलचा डबा अक्काचा आहे, परत आण.

तुझा,
बाबा