विषय : सहल रद्द केल्यावर दिवस चुकीचे मोजून सगळे पैसे कापल्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

६ जानेवारी २०२६ रोजी पुण्याहून निघणाऱ्या तुमच्या हंपी-बदामी सहलीचं दोघांचं बुकिंग मी २ डिसेंबर २०२५ रोजी तुमच्या वेबसाइटवरून रद्द केलं. भरलेले पैसे ३७,००० रुपये. तुमचा नियम असा : ३० किंवा जास्त दिवस आधी रद्द केल्यास १० टक्के कापणार, १५ ते २९ दिवस असल्यास २५ टक्के, सातपेक्षा कमी असल्यास काहीच परत नाही. मला पडद्यावर दिसलं, ‘प्रवासास उरलेले दिवस : ४. परतावा : ०’.

२ डिसेंबर ते ६ जानेवारी ३५ दिवस होतात. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजा. फोनवर मात्र एकच पालुपद, “मॅडम, सिस्टीममध्ये चारच दाखवतंय.”

माझं पोट वेबसाइट बनवण्यावरच चालतं, म्हणून हे चार कुठून आले ते सांगते. तुमच्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी ‘पीएचपी’ आहे, म्हणजे ते पान पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं दिसतं. पीएचपीत दोन तारखांमधला फरक काढला की उत्तर सुटं सुटं मिळतं : १ महिना, ४ दिवस. त्या उत्तराच्या ‘डी’ नावाच्या भागात महिन्यावरचे ४ दिवस तेवढे असतात, एकूण ३५ दिवस ‘डेज’ नावाच्या भागात असतात. तुमच्या डेव्हलपरने ‘डी’ उचललेला दिसतो. फरक महिन्याच्या आतला असेल तर दोन्हीकडे आकडा एकच येतो, त्यामुळे टेस्टिंगमध्ये हे निसटलं असणार.

गंमत बघा. मी १० डिसेंबरपर्यंत थांबले असते, तर याच वेबसाइटने २७ दिवस मोजून २७,७५० रुपये परत केले असते. आणि ६ डिसेंबरला रद्द केलं असतं, तर शून्य दिवस! म्हणजे जो ग्राहक लवकर कळवतो, त्याचाच खिसा कापला जातो.

माझे ३३,३०० रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जमा करावेत. सहलीच्या महिनाभर किंवा त्याहून आधी रद्द झालेली बाकीची बुकिंगही तपासा. त्यातल्या अनेकांनी नशिबाला दोष देऊन विषय सोडला असेल. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं न झाल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे ग्राहक आयोगाकडे जाईन.

पावती आणि स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपली ग्राहक