सतराशे शब्दांचा बाप?

महोदय,

‘शेक्सपिअरने १७०० इंग्रजी शब्द घडवले’ हे आपल्या पुरवणीत पुन्हा वाचले. इंग्रजी शिकवण्यात हयात गेली, म्हणून राहवत नाही. ऑक्सफर्डच्या शब्दकोशासाठी (पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८) स्वयंसेवक जुनी पुस्तके चाळून शब्दांच्या वापराचे दाखले पाठवत. शेक्सपिअर सर्वांच्या हाताशी होता. साहजिकच सर्वांत जुना दाखला बरेचदा त्याच्याच खात्यावर पडला. अनेक शब्दांचे त्याआधीचे वापर पुढे सापडले. काहींचा तर अर्थच वेगळा होता. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘बेडरूम’चेच बघा. त्याच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ नाटकात लायसँडर प्रेयसी हर्मियापाशी मागतो ती शेजारी निजण्यापुरती जागा, खोली कुठली! आणि वाक्यागणिक अनोळखी शब्द आले असते, तर पेनी मोजून उभ्याने नाटक बघणारे टिकले असते का? आकडा छापायचाच तर ‘पहिल्या नोंदी’ म्हणून छापा.

— एक निवृत्त शिक्षक