मिरजेत दवाखान्यांची वानवा नाही

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र वाचलं. परदेशी स्थायिक झालेली मुलं पैसे पाठवून मोकळी होतात, म्हातारपणी आईबापांना आपल्याकडे का नेत नाहीत, असा त्यांचा सवाल आहे. सवाल जुनाच. मिरजेला गेले की आमच्या गल्लीत तो मला चहाबरोबरच मिळतो. म्हणून हे उत्तर, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची मिरजेची, नर्सिंगही तिथेच केलं. 2003 साली इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांना भारतातून नर्स हव्या होत्या तेव्हा इकडे आले. आता लेस्टरला असते. पासपोर्ट ब्रिटिश, घर स्वतःचं, कर पगारातूनच कापला जातो. आई ब्याऐंशी वर्षांची, मिरजेत. वडील 2016 मध्ये गेले. भाऊ 2021 मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. वहिनी हडपसरला नोकरी आणि दोन मुलं सांभाळते. आई विसरायला लागली तेव्हा वयाचं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. तो डिमेन्शिया निघाला.

‘मग घेऊन जा की तिला.’

न्यायची तयारी माझी पहिल्या दिवसापासून आहे. पण ब्रिटनचा नियम 9 जुलै 2012 ला बदलला. त्याआधी पासष्टी ओलांडलेले, इथल्या मुलांच्या पैशांवर अवलंबून असलेले आणि आपल्या देशात आधार देईल असं जवळचं कुणी नसलेले आईवडील कायमचे येऊ शकत. आता तेवढ्यानं भागत नाही. आंघोळ, कपडे, जेवण अशा रोजच्या गोष्टींना त्यांना कायम दुसऱ्याचा हात लागतो, हे आधी सिद्ध करायचं. मग खरी मेख. ती मदत त्यांच्या देशात मिळतच नाही, किंवा मुलीनं इथून पैसे पाठवूनही परवडत नाही, हेही सिद्ध करायचं. वर मुलीनं पाच वर्षांचं हमीपत्र द्यायचं, की आईचं राहणं, खाणं, शुश्रूषा सगळं मी बघेन, सरकारी भत्त्यांना हात लावणार नाही. आणि अर्ज करताना आई ब्रिटनच्या बाहेर हवी.

आता हिशेब मांडून बघा. हमी द्यायला माझ्याकडे पैसा हवा. पैसा आहे म्हटलं, की मग त्याच पैशात मिरजेत बाई ठेवा. पैसा नाही म्हटलं, तर हमी कशाच्या जोरावर? रात्रपाळीत आमच्या वॉर्डच्या डॉक्टरांना हा पेच सांगितला तर ते हसले. ते नागपूरचे, त्यांचे वडील धंतोलीत एकटे. ते म्हणाले, सिस्टर, मी तर अर्जसुद्धा केला नाही.

मी केला, 2023 मध्ये. फी 3,250 पौंड, म्हणजे तेव्हाचे सव्वातीन लाखांहून जास्त रुपये, आणि अर्ज फेटाळला तरी परत मिळत नाहीत. क्षयाची तपासणी, डॉक्टरांचे दाखले, त्यांची इंग्रजी भाषांतरं, बँकेचे उतारे. बोटांचे ठसे द्यायला आईला मिरजेहून पुण्याला न्यावं लागलं. जन्मभर भांडी घासलेल्या, पापड लाटलेल्या बोटांचे ठसे काही मशीनवर उमटेनात. ती मुलगी बिचारी तीनतीनदा बोटं पुसून दाबत होती आणि आई मला विचारत होती, ‘ही का गं माझा हात पिरगळते?’ गेलेला भाऊ खाली गाडीत थांबलाय, असं सांगून मी तिला शांत केलं. देव मला क्षमा करो.

पाच महिन्यांनी नकार आला. त्यात लिहिलं होतं, की अर्जदार राहतात ते शहर रुग्णालयांसाठी ओळखलं जातं. मिरजेचं हे कौतुक मी इथल्या मैत्रिणींना कितीदा ऐकवलंय, कर्नाटकातूनसुद्धा पेशंट येतात म्हणून! पुढचा मुद्दा जास्त लागला. पगारी मदतनीस मिळतात हे अर्जाला जोडलेल्या पावत्यांवरूनच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मी आईकडे दुर्लक्ष केलेलं नाही याचा पुरावा म्हणून मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोच्या तीन वर्षांच्या पावत्या नीट लावून दिल्या होत्या, त्याच माझ्यावर उलटल्या. आई उपाशी, मळक्या पातळात पडून राहिली असती, तर आमची केस बळकट झाली असती.

त्या पावत्यांवर काय दिसत नाही, ते सांगते. तीन वर्षांत अकरा मावशी झाल्या. मालगावच्या एक फार चांगल्या होत्या, आईला ओव्या म्हणून दाखवायच्या. त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या त्या गेल्याच. डिमेन्शियाच्या माणसाला नवा चेहरा म्हणजे घरात शिरलेलं परकं माणूस. दिवेलागणीला आईला घरच परकं वाटायला लागतं. पदराच्या गाठीतले पैसे मावशींनी चोरले म्हणून ती शेजाऱ्यांची दारं वाजवते. एकदा डिसेंबरात, पहाटे कडी काढून ती स्टेशनच्या रस्त्याला लागली. वडिलांना ओळखणाऱ्या एका रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं. मी फोनवर दिसले की ती निवते. मला ‘अक्का’ म्हणते, मी तिची बहीण आहे असं समजून. माझी त्यालाही हरकत नाही.

माणसाला नुसतं भरवणं-पुसणं पुरत नाही, मनाचीही गरज असते, हे इथल्या अपील न्यायालयानंही 2017 च्या एका निकालात मान्य केलंय. नियम रद्द करायला मात्र नकार दिला. मनाची गरज तज्ज्ञ डॉक्टरांच्या पुराव्यानं दाखवली तर ती विचारात घ्यायची, एवढंच. आम्ही दाखवली. 28 दिवसांच्या मुदतीत अपील केलं, वर्षभर वाट पाहिली, सुनावणी झाली. न्यायाधीश बाई माझ्याशी फार मायेनं बोलल्या. अपील फेटाळलं.

लेस्टरच्या बागांत गुजराती आजी-आजोबा बाकावर बसलेले दिसतात. त्यांचे फोटो बघून आपल्याकडच्यांना वाटतं, म्हातारी माणसं तिकडे सहज नेता येतात. त्यांतली बरीच घरं 1972 मध्ये इदी अमीननं युगांडातून हाकलल्यावर आली, काही जुन्या नियमाखाली. तो काळ गेला.

दुसरा सल्ला हमखास येतो. ‘व्हिजिटवर आण आणि ठेवून घे.’ व्हिजिट व्हिसावर एका वेळी सहाच महिने राहता येतं. इथल्या एका वकिलानंही सुचवलं, आणा तर खरं, मग मानवतेच्या मुद्द्यावर अर्ज टाकू, निकाल लागेपर्यंत कोण घालवतंय? मी नाही म्हटलं. सहा महिन्यांनी परत जाते असं सांगून व्हिसा घ्यायचा, तोही माझ्या आईच्या नावानं, हे मला जमलं नसतं. ज्यांनी नाइलाजानं तसं केलं त्यांना मी नावं ठेवणार नाही.

सरकारची बाजू मला कळते. म्हातारा पेशंट वॉर्डात आला की खाट किती दिवस अडते, हे मी रोज बघते. मग आमच्याकडून पैसे घ्या ना! कामाच्या व्हिसावर येणाऱ्यांकडून आरोग्यसेवेसाठी माणशी वर्षाला 1,035 पौंड घेताच. कॅनडा आईवडिलांना सुपर व्हिसा देतो. किमान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा काढायचा, मग एका दमात पाच वर्षं राहता येतं. तिथेही कायम वास्तव्य सोपं नाही, पण निदान आई डोळ्यांसमोर असते. ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाच्या समितीनंही 2023 च्या अहवालात इथला हा नियम सैल करा असं सुचवलं होतं. नियम जागचा हललेला नाही.

गंमत अशी, की माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत सरकार देतं ते. ब्रिटिश पासपोर्ट असूनही मी मिरजेत हवी तितकी वर्षं राहू शकते. माझ्या जन्मदेशानं मला दार उघडं ठेवलंय, मी नागरिकत्व घेतलेल्या देशानं माझ्या आईला नाही. यावर पुढचा प्रश्न ओघानंच येतो: मग तूच का परत येत नाहीस? थोरलीची शेवटच्या वर्षाची परीक्षा, घराचे हप्ते, नवऱ्याची नोकरी. या सबबी आहेत हे मलाही ऐकू येतं. उत्तर शोधते आहे.

जुलै 2025 मध्ये भारत आणि ब्रिटनचा मोठा व्यापार करार झाला. व्हिस्कीवरचं आयातशुल्क कमी व्हायचं ठरलं. म्हाताऱ्या आईबापांचा विषय त्यात कुणी काढला नाही.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या करिअर पुरवणीत परदेशी नर्सिंगच्या जाहिराती असतात. पगार, नोंदणी, इंग्रजीची परीक्षा, सगळी माहिती असते. त्यात एक चौकट आईवडिलांच्या नियमाचीही छापा. सांगली-कोल्हापूरकडच्या पोरी अजून मला फोन करून विचारतात, ‘ताई, पाच-सहा वर्षांनी आईला नेता येईल ना?’ निघण्याआधी त्यांना खरं कळू दे. मला 2003 मध्ये कुणी खोटं सांगितलं नव्हतं. तेव्हा नियमच वेगळा होता.

राहता राहिले ते पत्रलेखक. त्यांच्यावर माझा राग नाही. दिवाळीत मावशींना गावी जायचंय, म्हणून सहा आठवड्यांची रजा काढून मी मिरजेत असेन. ते त्या बाजूचे असतील तर त्यांनी जरूर घरी यावं, आईला माणसं आवडतात. फक्त सहाच्या आत यावं. त्यानंतर ती कुणाला ओळखत नाही.

आपली,
मूळची मिरजेची एक स्टाफ नर्स, लेस्टर
(नोकरीमुळे नाव छापू नये, ही विनंती.)