आण्णा, टफबुकच्या पोटात वायफाय बसलं

स्टुटगार्ट,
रविवार, रात्री

तीर्थरूप आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा टफबुक, तो दणकट लॅपटॉप, आज वायफायवर चालू झाला. बाहेर काही लोंबत नाही, एकही झाकण उघडं ठेवावं लागत नाही. दुपारी तो जिन्यात नेऊन ठेवला, दोन दारं बंद केली आणि घरातल्या कॉम्प्युटरवरून तुमच्या पंप-बॉडीचा प्रोग्रॅम पाठवला. मी जिना उतरून जाईपर्यंत फाइल येऊन पडली होती. आईला फोनवर "झालं" एवढंच सांगितलं. तुम्हाला मात्र सगळं लिहिते, कारण उद्या कधी तो उघडायची वेळ आली तर स्क्रू तुम्हीच काढणार.

दिवाळीनंतर निघताना तो माझ्या बॅगेत घातला तेव्हा आई म्हणाली होती, "हे लोखंडाचं धूड कशाला नेतीस एवढ्या लांब?" ते लोखंड नाही, मॅग्नेशियमचा मिश्रधातू आहे. खाली पडला तरी पिचत नाही म्हणून तुम्ही तो घेतलात. पण या कामातली खरी अडचणही त्याच धातूनं केली. ते पुढं सांगते.

राजू म्हणत होता, यूएसबीचा एक वायफाय डोंगल लावला की झालं, शंभर भानगडी कशाला. त्याचे दोन डोंगल कसे गेले ते तुम्हाला माहीत आहे. एकाला ट्रॉली घासली. दुसऱ्याच्या वेळी पोर्टच गेला, आणि तो कशानं गेला ते मला इथं आल्यावर भिंगाखाली दिसलं: आत बिडाची काळी भुकटी गच्च बसली होती. शिरोलीहून येणारं कास्टिंग आपण सुकंच मशीन करतो. ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे या बिडात, ग्रॅफाइट असतं, त्यामुळं ती भुकटी नुसती धूळ नसते, तिच्यातून वीज वाहते. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी प्रत्येक पोर्टावर रबरी झाकण दिलंय ते यासाठीच. डोंगल लावायचा म्हणजे ते झाकण दिवसभर उघडं. बाजूच्या पीसी-कार्डच्या खाचेत वायरलेस कार्ड घालता आलं असतं, पण त्याचंही नाक बाहेर राहतं. म्हणून जे बसवायचं ते आतच, असं मी ठरवलं.

नवीन लॅपटॉप का नको, हे शिवाजीकाकांनी विचारलं होतं. त्यांना सांगा, आपल्या जुन्या व्हीएमसीला, म्हणजे प्रोग्रॅमवर कास्टिंग कापणाऱ्या मशीनला, आरएस-२३२ ही जुनी सीरियल जोडणी लागते आणि याच्या पाठीला खराखुरा सीरियल पोर्ट आहे. नव्या लॅपटॉपला तो सहसा नसतो, मग कन्व्हर्टर लावा आणि मधेच ड्रिप फीड, म्हणजे मशीनला थोडा थोडा जाणारा प्रोग्रॅम, तुटला की जॉब भंगारात टाका. हे आपण दोनदा भोगलंय.

आता काम. पाठीवरची एक पट्टी काढली तर खाली मिनी पीसीआयचा स्लॉट, म्हणजे आतल्या कार्डाची खाच, रिकामा सापडला. जागा होती, कार्ड कुणी घातलंच नव्हतं. मी एक कार्ड मागवलं. विकणाऱ्यानं "मिनी पीसीआय" लिहून मिनी पीसीआय एक्स्प्रेसचं पाठवलं. नावं सख्ख्या भावांची वाटतात, पण एकाचं दुसऱ्यात बसत नाही. जुनं रुंद असतं, १२४ पिनांचं, आणि एक्स्प्रेस त्याच्या निम्म्या रुंदीचं. ते परत केलं, त्यात बारा दिवस गेले. दुसऱ्या वेळी फोटो मागवून, पिना बघून घेतलं. ॲथेरॉसची चिप आहे. तीच धरली कारण लिनक्समध्ये (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली, मी तपासायला वापरते ती) तिला वेगळी फर्मवेअर फाइल लागत नाही, आणि तुमच्या विंडोज एक्सपीसाठीही ड्रायव्हर मिळतो. कार्ड बसवताना तिरकं आत सरकवायचं आणि खाली दाबायचं, रॅमसारखं. दोन्ही बाजूंच्या क्लिपांचा आवाज आला पाहिजे.

एवढं दहा मिनिटांचं काम. खरं काम अँटेनाचं.

कार्डावर दोन बारीक सॉकेट असतात, मुख्य आणि सहायक. त्यांवर यू.एफ.एल. नावाचं टोपण बसतं, मोहरीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. ते सरळ वरून ठेवायचं आणि अंगठ्याच्या नखानं दाबायचं. तिरकं दाबलं की आतली पिन वाकते. आणि ते काही रोज काढण्या-घालण्याचं नाही, तीसेक वेळांपुरतंच बनवलेलं असतं. तेव्हा आण्णा, बघूया म्हणून उगीच काढू नका.

पहिल्यांदा मी दोन्ही अँटेना खालीच, कार्डाशेजारी चिकटवल्या. पट्टी उघडी होती तोवर रेंज उणे ४८ डीबीएम (उण्याचा आकडा जितका मोठा तितकी रेंज कमी). पट्टी लावून स्क्रू आवळले तर उणे ८१. म्हणजे मेलीच. आपल्या मागच्या पत्र्याच्या खोलीत शिरलं की मोबाइल जसा गप्प होतो तसंच हे. धातूच्या डब्यात लहर कोंडली जाते. कार्ड कितीही भारी घाला, तिला बाहेर पडायला धातू नसलेली जागा लागते. या लॅपटॉपला तशी जागा एकच, स्क्रीनच्या झाकणाच्या दोन्ही कडांना असलेली प्लॅस्टिकची पट्टी.

तिथवर वायर न्यायची म्हणजे बिजागरीतून. स्क्रीनची केबल जाते त्याच पोकळीतून जेमतेम एक मिलिमीटरची वायर घालायची, आणि ती मुडपली तर संपली. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी आई परकरात नाडी ओवते ते आठवलं. आधी सुईनं शिवणीचा दोरा पार केला, त्याच्या टोकाला वायर बांधली आणि हलक्या हातानं ओढून घेतली. दुसरीही तशीच. बिजागरीपाशी थोडी सैल ठेवली आहे, झाकण उघड-मीट करताना ताण पडू नये म्हणून. मग शंभर वेळा उघडझाप करून बघितली. रबराची झालर जिथून उचलली तिथं परत नीट खोबणीत बसवली आहे.

सगळं लावलं तरी रेडिओ चालू होईना. यूएसबीवरून लिनक्स सुरू करून बघितलं तर कार्ड दिसतं, पण "हार्ड ब्लॉक्ड". मिनी पीसीआयची तेरावी पिन रेडिओ बंद करायचा इशारा देते, आणि तो इशारा कायम येत होता. मग कार्ड काढून विषम अंकांच्या बाजूची सातवी पट्टी मोजली, म्हणजे तेरावी पिन. तिच्यावर कॅप्टॉन टेपचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या चिकटपट्टीचा, तांदळाएवढा तुकडा चिकटवला. शेजारच्या पिनेवर जाऊ नये म्हणून भिंग दातात धरून दोन्ही हात मोकळे ठेवले. दहावीच्या सुट्टीत तुम्ही मला मल्टिमीटर दिला होता आणि कंट्रोल पॅनलची एकेक वायर मोजायला बसवलं होतं. तेव्हाचा धीर त्या पाच मिनिटांत कामाला आला. कार्ड परत बसवलं आणि समोर शेजाऱ्यांची अकरा नेटवर्क दिसली. उणे ५३.

वेगाची काळजी करू नका. कार्ड ५४ एमबीपीएसचं आहे, प्रत्यक्षात वीस मिळाले तरी खूप. मशीनची केबल ९६०० बॉडवर चालते, म्हणजे सेकंदाला नऊशेच्या आसपास अक्षरं. तीनशे केबीचा प्रोग्रॅम ऑफिसातून लॅपटॉपवर क्षणात येईल, पण तिथून मशीनमध्ये जायला पाच-सहा मिनिटं घेईलच. ती मशीनची चाल आहे.

राजूला दोन गोष्टी करायला सांगा. राउटरवर २.४ गिगाहर्ट्‌झ चालू ठेवायचं आणि पासवर्डची पद्धत डब्ल्यूपीए-२ ठेवायची. नुसतं डब्ल्यूपीए-३ ठेवलं तर हा बिचारा जोडला जाणार नाही. एक्सपीवर सर्व्हिस पॅक ३ मी घालून ठेवलाय. पण मायक्रोसॉफ्टनं एक्सपीला सांभाळणं एप्रिल २०१४ मध्येच सोडलं, म्हणून या लॅपटॉपचं इंटरनेट राउटरवरूनच बंद करा. ऑफिसच्या कॉम्प्युटरशी बोलला की त्याचं काम झालं. यावर कुणीही मेल उघडायचा नाही, क्रिकेटचा स्कोअरही नाही. हे मी कळकळीनं सांगतेय.

पुढच्या शनिवारी इचलकरंजीचं एक ओळखीचं कुटुंब इथून निघतंय, त्यांच्याबरोबर पाठवते. बॅटरी काढून हातातल्या सामानात ठेवायला त्यांना सांगितलंय. सुटी लिथियमची बॅटरी खालच्या सामानात चालत नाही. ते तुम्हाला फोन करतील. राजूला उद्यमनगरातून कावळा नाक्यापर्यंत जाऊन आणायला सांगा.

व्हीएमसीजवळ ठेवताना झाकणाची एक तरी कड ऑफिसच्या दिशेला येऊ द्या, झाकण कंट्रोलच्या पत्र्याला टेकवू नका. शेडमध्ये चारी बाजूंना लोखंड आहे, लहरी त्यावर आपटून परत येतात आणि एखाद्या जागी एकमेकींना मारतात. दोन अँटेना दोन कडांना लावल्या त्या यासाठी, एकीला नाही मिळालं तर दुसरीला मिळतं. तरीही रेंज गेलीच तर काही उघडू नका. लॅपटॉप आहे तिथून चार बोटं सरकवा आणि परत बघा. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर साडेबारा सेंटिमीटरची असते, तेवढ्यानंही फरक पडतो.

पोचल्यावर पहिला प्रोग्रॅम तुम्ही स्वतः पाठवा आणि उणे किती दाखवतो तो आकडा मला कळवा. आईस नमस्कार, शिवाजीकाकांस नमस्कार, राजूस आशीर्वाद.

तुमची लेक,
सुमन